कप्पीवरचा भार

उत्तर बरोबर आलं तरी सामंतबाई पूर्ण गुण द्यायच्या नाहीत. लालबागच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांची अकरावीची शिकवणी चाले. कप्पी, दोरी आणि टांगलेलं वजन असं गणित आलं की आम्ही दोरीतला ताण काढून मोकळ्या. बाई विचारायच्या, "आणि कप्पीवर किती? दोरी तिला दोन्ही बाजूंनी खाली ओढते ना गं? तिची दया कोणालाच येत नाही."

एका रविवारी चाळीतले मंगेशकाका शिसवी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवत होते. जिना अरुंद, म्हणून छपराच्या वाशाला कप्पी बांधून दोर सोडलेला. खाली चौकात काकांसकट चौघं तो ओढत होते. त्यांत माझे बाबा. कपाट आमच्या कठड्याच्या जरा वर आलं आणि छपरातलं लाकूड करकरलं. बाई शिकवता शिकवता थांबल्या. गॅलरीत जाऊन त्यांनी वर पाहिलं. आम्हीही मागोमाग गेलो.

"मंगेश, ओढू नका. आहे तिथेच धरा."

"बाई, दोर नवा आहे. दोन कपाटं पेलेल."

"दोराचं नाही म्हणत मी. वासा जुना आहे. त्याच्यावर कपाटाचं वजन येतंय आणि तुमची ओढही. दुप्पट."

"आता थोडंच राहिलंय. तुम्ही वर्ग घ्या."

वासा पुन्हा करकरला. माझ्या हातावर भुसा पडला. बाबा कपाटाच्या बरोबर खाली होते. बाईंनी कठडा घट्ट धरला होता. "एक झटका बसला की वासा जाईल, आणि खाली तुम्ही आहात. हात जोडते, मंगेश."

काकांनी वर वाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "धरून ठेवा रे. बाई सांगतात तसं करा."

आम्ही मुली आणि शेजारच्या दोघीतिघींनी कपाट कठड्यावरून आत ओढलं. "दोर हळू सोडा... अजून हळू," बाई खाली सांगत होत्या. कपाट फरशीला टेकलं तेव्हा त्या तिथेच खाली बसल्या. संध्याकाळी उतरवलेला वासा कप्पीजवळ अर्ध्याहून जास्त चिरलेला निघाला.

गेल्या वर्षी बाई वारल्या. त्यांच्या मुलीला भेटायला मी अँटॉप हिलला गेले. बाईंच्या हुशारीमुळे माझे बाबा वाचले, असं मी म्हटलं.

"आई तसं नाही म्हणायची," ती म्हणाली. "म्हणायची, ते गणित मला तीस वर्षं येत होतं. त्या दिवशी मंगेशने ऐकलं."