डाव्या बाजूचा ब्रेक

गॅरेजात गाडी आणणारा माणूस नुसता बिघाड सांगत नाही. सासुरवाडीला निघालो होतो, इथपासून सुरू करतो! त्यामुळे परभणीत जिंतूर रोडला आमच्याकडं गाड्या कमी आणि किस्से जास्त.

मी गिअरबॉक्स उतरवणारा मिस्त्री. वायरिंग आणि स्कॅनर वंदनाताईंकडं. ऑटोमॅटिक गाडीत गिअर कधी बदलायचा हे एक मॉड्यूल ठरवतं. त्याला सेन्सरचा सिग्नल मिळाला नाही, की गाडी एकाच गिअरला अडून बसते. हरवलेला सिग्नल ताई कसा हुडकतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

*

येलदरीची एक गाडी आली. स्कॅनरवर स्पीड सेन्सरचा दोष. ताईंनी प्लग काढून नाकाशी नेला. "मागं मासे नेता का?"

"न्हाई बा."

"मग राहू मासा कुणी नेला?"

मालक खाली बघत म्हणाला, "मेव्हण्यानं."

बर्फाचं पाणी गळून पिना हिरव्या पडल्या होत्या. माशाचा वास कुणालाही आला असता, पण राहू? मी ग्रीसचं बोट तसंच तोंडात घातलं.

*

पालमच्या एका भाऊंची गाडी चालता चालता न्यूट्रल व्हायची. ताई शेजारी बसल्या. "हॉर्न मारा." भाऊंनी हौसेनं बसवलेली सनई वाजली आणि गाडी न्यूट्रल! हॉर्नवाल्यानं मॉड्यूलच्याच वायरीला जोड दिला होता.

"दुरुस्त होईपर्यंत वाजवू नका."

"मंग गाडी घेतली कशाला, ताई?"

*

ताईंचा एक नियम आहे. गाडी मालकानंच चालवायची, रोजच्या रस्त्यानं, रोजच्या माणसांसकट. एकाची तर शेळीसुद्धा मागं बसवून घेतली होती. दोष शेळीचा निघाला नाही, पण ताईंनी तिलाही सोडलं नाही.

*

आता पोखर्णीच्या सरांचं. डावा पाय पोलिओनं गेलेला, क्लच दाबता येत नाही, म्हणून ऑटोमॅटिक घेतलेली. ती आल्यापासून सर कुणाला न विचारता कुठंही जायचे. ती मधेच तिसऱ्या गिअरला अडकू लागली. मी गिअरबॉक्स उतरवला, त्यात काही नाही. दुसरीकडं मॉड्यूल बदलून झालं, तरी तेच.

"इकून टाकतो आता," सर म्हणाले. "पुन्ना कुनाच्या तरी गाडीवर मागं बसून शाळेत जायाचं." ऐकून मला लय वाईट वाटलं.

ताई शेजारी बसून फिरून आल्या. गाडी ठणठणीत. ताईंनी विचारलं, "एरवी या सीटवर कोण असतं?"

"आमची मंडळी."

"त्यांना आणा."

दुसऱ्या दिवशी सर चालवायला, बाई शेजारी, आम्ही दोघं मागं. स्क्रीन ताईंच्या मांडीवर. पोखर्णीच्या रस्त्याला सरांनी वेग घेतला, तेवढ्यात समोर उसाचा ट्रॅक्टर आला. स्क्रीनवरचा स्पीडचा आकडा एकदम शून्य झाला आणि गाडी अडकली.

"बाई, पाय उचला," ताई म्हणाल्या.

बाईंनी उचलला. आकडा परत आला.

गाडी बाजूला घेऊन ताईंनी मॅट उचकटली. खालून सिग्नलची वायर गेली होती, दाबून दाबून आतून तुटत आलेली.

"तुमी इथं काय दाबता?" ताईंनी विचारलं.

"ब्रेक," बाई म्हणाल्या.

नवी वायर कडेनं ओढून दिली. निघताना सर हसत बाईंना म्हणाले, "म्हंजे इतके दिवस गाडी आपण दोघं चालवायलो व्हतो!"

बाई डाव्या सीटवर बसल्या, पाय होता तिथंच ठेवला. "मंग? तुमाला वाटलं एकटेच चालवायलाव?"