सुर्वेनानांची करवंटी

सुर्वेनाना त्या दिवशी आमच्या दारात पहिल्यांदाच शिट्टी वाजवत आले. सकाळचे सव्वाआठ वाजले होते आणि माझ्या अर्ध्या गालावर साबण होता. नानांच्या गळ्यात शिट्टी, खांद्यावर दोरीचं वेटोळं आणि बाहेर लख्ख ऊन असूनही हातात बॅटरी.

"जिवंत आहेस ना रे, विनू?"

"आहे की, नाना."

"मग करवंटी उताणी कशी?"

करवंटीचा कायदा त्यांचाच. मिरजोळ्याच्या बाजूला, शहर संपता संपता आमची सहा घरांची गल्ली आहे. बहुतेक घरांतली मुलं मुंबई-पुण्याला, म्हातारी माणसं इथे. मागे एका वादळात झाडं पडली, वीज गेली, मोबाइलची रेंज गेली, आणि कोपऱ्यावरच्या एकट्या राहणाऱ्या काकू तापाने फणफणत पडून आहेत हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. त्या दिवसांत मी त्यांच्या फाटकावरून चार वेळा गेलो होतो, पडलेल्या माडांचे फोटो काढत. काकू वाचल्या, नाना मात्र हादरले. त्यांनी प्रत्येक फाटकाच्या जांभ्याच्या खांबावर एकेक करवंटी दोरीने बांधून दिली. रात्री झोपताना ती उताणी ठेवायची, सकाळी आठच्या आत उपडी करायची. नाही केली, तर समोरच्याने जाऊन बघायचं.

"याला वीज लागत नाही, रेंज लागत नाही," नाना म्हणायचे. "समोरच्याची नजर तेवढी लागते."

नाना गाड्यांच्या डेपोत कंट्रोलर होते. निवृत्त झाले तरी भाषा तीच. "संकट म्हणजे वेळापत्रक नसलेली गाडी. आपण मात्र स्टँडवर तयार हवे." त्यांनी घरोघरी दाराशी एक घट्ट झाकणाची बरणी ठेवायला लावली. आत रेशनकार्ड, औषधं, काड्यापेटी, चिवड्याचं पाकीट. आमचा चिवडा मी पहिल्याच आठवड्यात, कसलंही संकट नसताना संपवला. तपासणीत नानांनी रिकामं पाकीट दोन बोटांत धरून माझ्या बायकोला दाखवलं. "काय गो सुनीता, वादळ याच्या पोटात आलं होतं काय?"

वर्षभरात लोक कंटाळले. कुणाची करवंटी वाऱ्याने गेली, कुणी चुलीत घातली. उरलो नाना आणि मी, समोरासमोरच्या घरांत. त्यात मी विसरभोळा, म्हणजे आठवड्यातून एकदा तरी शिट्टी ठरलेली.

एकदा सुनीता म्हणाली, "तुम्ही विसरता तेव्हाच ते चहाला थांबतात, बघितलंत? आज तासभर बसले. घरी बोलायला आहे कोण त्यांच्या?" नानांची बायको जाऊन सात वर्षं झाली होती, मुलगी ठाण्याला. सुनीता हे बोलल्यापासून दर रविवारी मी करवंटी मुद्दाम उताणीच ठेवू लागलो. विसरभोळ्या माणसाने विसरायचं लक्षात ठेवणं सोपं नसतं, पण जमवलं. सव्वाआठला शिट्टी, मग दटावणी, मग चहा आणि घावनं. "रविवारीच बरी तुझी गाडी पंक्चर होते, मेल्या!" असं म्हणत ते तिसरं घावन ताटात ओढायचे.

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी सव्वाआठ वाजले, शिट्टी आली नाही. खिडकीतून पाहिलं, तर नानांचीही करवंटी उताणी. मला हसूच आलं. "आज नानांनी डाव उलटवलाय," मी सुनीताला म्हणालो. "आज चहा त्यांच्याकडे." मग मी पेपर वाचला, दुसरा चहा घेतला, आणि डब्यात घावनं भरून सावकाश निघालो.

त्यांचं दार नुसतं लोटलेलं असायचं. संकटात कडी काढायला वेळ कुणाला, म्हणायचे. आत नाना मोरीच्या उंबऱ्यात पडले होते. पाय विचित्र वळलेला. आंघोळीला जाताना काढलेली शिट्टी खुंटीवर होती.

"साडेनऊ," भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ते म्हणाले.

"नाना, मला वाटलं..."

"ठाऊक आहे रे. रविवार आहे."

खुब्याचं ऑपरेशन झालं. मुलगी त्यांना ठाण्याला घेऊन गेली, बाराव्या मजल्यावर. एकदा फोनवर म्हणाले, "इथे फाटकच नाही रे. समोर कोण राहतं, तेही कळत नाही." दिवाळीआधी ते गेले. मी आठलाच गेलो असतो तर, हा प्रश्न मी डॉक्टरांना कधी विचारला नाही. धीर झाला नाही.

घर बंद करायला मुलगी आली तेव्हा म्हणाली, "बाबा रोज सकाळी खिडकीत एक वाटी उपडी घालून ठेवायचे. विचारलं तर म्हणायचे, असू दे, समोरून कुणी बघत असेल तर."

गेल्या रविवारी मी करवंटी उताणीच ठेवली. सव्वाआठ झाले, नऊ झाले. सुनीताने सवयीने तिघांचा चहा टाकला होता. साडेनऊला मी उठलो, फाटकाशी जाऊन करवंटी उपडी केली आणि तसाच कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. काकूंच्या खांबावर नुसती दोरी लोंबत होती. मी हाक मारली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. "काय रे विनू? काय झालं?"

"काही नाही, काकू. बघायला आलो."