ऑरिनची जाडजूड मासोळी

तळ्यावरचा बर्फ फुटून आठवडा होत आला, तरी ऑरिनच्या गळाला एक ट्राउट लागेल तर शपथ! तळं मोकळं झालं की बोटभर चंदेरी स्मेल्ट मासळ्या ओढ्याच्या तोंडाशी जमतात आणि त्यांना खायला थोराड लेक ट्राउट मासे वर येतात. पाणी तापलं की ते पुन्हा तळ गाठतात. मग गळावरच्या खोट्या, पिसांच्या मासोळीला कोण विचारतो? अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

ऑरिनने मात्र जन्मभर फक्त वल्ही मारली आणि गळ ओढला. गळावर पिसं आणि हरणाच्या शेपटीचे केस बांधून हुबेहूब स्मेल्ट करायची ती त्याची बायको ल्युसिल. या हिवाळ्यात तिची नजर गेली. गळ बोटांत घुसेल म्हणून ऑरिनने तिचा गळ घट्ट धरून ठेवायचा शिकंजा, दोरे, पिसं उचलून आपल्या टेबलावर नेली आणि स्वतः बांधायला बसला. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "या वसंतात घरच्या मासोळीवर एक तरी मासा आण. नाहीतर आपल्या घरातून ही कला गेलीच म्हणायची."

म्हणून तर त्याची चिडचिड होत होती. मासोळी हडकुळी वाटायची, की तो चिमूटभर केस आणखी बांधायचा. मग ती चांगली गुबगुबीत दिसायची. पाण्यात मात्र कुणी ढुंकून बघायचं नाही.

धक्क्यावर ल्युसिलचा भाऊ एल्डन रोज टपून बसलेला. "काय दाजी, मासे आजपण उपाशीच ठेवले?"

"तुझं तोंड बंद ठेव, नाहीतर तुलाच गळाला लावतो!"

"मला नका लावू, माझ्यापेक्षा तुमची मासोळी जाडी आहे!"

घरी येऊन ऑरिनने मासोळी टेबलावर आपटली. "घ्या! इतकी देखणी केली, तर मेल्यांना आवडत नाही!"

ल्युसिलने आवाजाच्या रोखाने हात पुढे केला आणि ती उचलली.

"अगं, गळ आहे तो! बोचेल!"

"डोळे गेलेत माझे, बोटं नाही गेलेली." तिने केस चाचपले आणि तोंड वाकडं केलं. "ही मासोळी आहे की केरसुणी? भिजली की बारीक व्हायला हवी. ही फुगेल." ती दातांनी केस उपटत गेली. बोटाला टोचलं, थेंबभर रक्त आलं, तिने ते चोखलं आणि पुन्हा उपटायला लागली. उरली ती अगदी चार केसांची काडी. ऑरिनला ती बघवेना.

सकाळी ओढ्यापाशी तीच काडी पाण्यात सोडून, वल्ही दोनदा मारून तो क्षणभर थांबला, आणि दोरीला असा हिसका बसला की नाव हलली.

मासा मोरीत टाकून तो ओरडला, "आणला गं! हात लावून बघ केवढा आहे!"

"मासोळी कुठंय?" ल्युसिलने विचारलं.

त्याने ती तिच्या तळहातावर ठेवली. माशाच्या दातांनी दोरा उसवला होता, केस तुटले होते. तिने त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"परत बांधावी लागेल," ती म्हणाली. "शिकंजा आण."

बोचेल म्हणायला ऑरिनने तोंड उघडलं आणि मिटलं. हिवाळाभर आपण हिला नुसतं बसवून ठेवलं, म्हणून त्याला स्वतःचाच भयंकर राग आला. त्याने आपल्या टेबलावरचा शिकंजा सोडवला आणि खिडकीपाशी, तिच्या जुन्या जागी, घट्ट आवळून बसवला.