रुमाल टाकून धरलेली खुर्ची

मांडवगण फराट्याच्या सत्यजीत डॉक्टरांच्या दवाखान्यात फरीदाला बावीस वर्षं झाली. झाडलोट, मलमपट्टी, सुई भरणं तिच्याकडेच. आणि डॉक्टरांचं अक्षर औषधाच्या दुकानात कुणाला लागेना, तेव्हापासून चिठ्ठ्या लिहिणंही. शिक्षण सातवीपर्यंत. नवरा इमाम टेम्पोच्या अपघातात गेला तशी ती इथं चिकटली. गाव तिला सिस्टर म्हणे. हा मान आपला नव्हे, असं तिला वाटायचं, म्हणून हाक आली की ती जरा उशिरानंच वळायची.

डॉक्टरांना स्वतःबद्दल असली शंका कधी शिवली नाही. कॉलेज सुटलं त्या दिवशी विद्या पूर्ण झाली, आता नुसती वाटत बसायचं, असा त्यांचा समज. ताप असो, पाठ असो, सुनेशी भांडून सुरू झालेली धडधड असो, सगळ्यांना एकच सुई. माणूस उंबऱ्यात असतानाच ती भरून तयार. बोटांनी माळ ओढायची आणि कान शेजारच्या भांडणाला लावायचे, अशी माणसं देवळात पुष्कळ असतात. देव सोसतो बिचारा. रोग्यानं कसं सोसायचं?

आता डॉक्टरकी चालू ठेवायची तर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते, आणि त्यासाठी शिबिरांना बसून गुण मिळवावे लागतात. असंच एक शिबिर दौंडच्या मंगल कार्यालयात होतं. डॉक्टर फरीदाला घेऊन गेले. सकाळची सही केली, फुकटची पिशवी फरीदाच्या हातात दिली आणि तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर, एसटीत टाकतात तसा, रुमाल टाकला.

"हितं बस. मी कासुर्डीला एक प्लॉट बघून येतो. उशीर झाला तर संध्याकाळची सही तूच मार. माझ्यावानी तुलाच जमती."

"आन् कुणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय? समदी माझ्यासारखीच."

हे काही खरं नव्हतं. डोक्याचे केस पांढरे झालेले डॉक्टरही तिथं खाली मान घालून लिहीत होते. फरीदाला रिकामं बसायची सवय नाही. पिशवीतली वही काढून तीही लिहू लागली. विषय सापांचा होता आणि बोलणारे डॉक्टर साध्या मराठीत सांगत होते. मण्यार चावली तर दुखत नाही, सुजत नाही, खूण शोधूनही सापडत नाही. भुईवर झोपलेला माणूस सकाळी पोटात दुखतंय म्हणून येतो आणि त्याच्या पापण्या जड झालेल्या असतात. पित्त म्हणून परत पाठवलात, तर तो घरी जाऊन मरतो.

संध्याकाळी तिनं सही मारली. सही हुबेहूब उतरली. प्रमाणपत्र चौकटीत बसून डॉक्टरांच्या डोक्यामागं भिंतीवर चढलं.

आषाढातल्या एका सकाळी पार्वतीबाई नवऱ्याला, सावळारामला, धरून घेऊन आली. पहाटेपासून पोटात कळा. डॉक्टरांची नजर मोबाइलमध्ये.

"रात्री काय खाल्लं?"

"शेपू-भाकरी," पार्वतीबाई म्हणाली.

"गॅस धरलाय. फरीदा, सुई."

सुई भरताना तिनं बघितलं, सावळाराम हनुवटी वर करून बघतोय. डोळे अर्धे मिटलेले, आणि समोरचं दिसावं म्हणून मान मागं टाकलेली. तिनं पाणी दिलं, तर घोट गिळवेना, ओठांतून सांडला.

"दादा, रात्री कुठं झोपला हुता?"

"कांद्याच्या चाळीपाशी... भुईवर." जीभ जड झाली होती.

"साहेब, पापण्या बघा जरा."

"जागरण झालं असंल. सुई आण."

"न्हाई साहेब, ही मण्यार असंल. दौंडच्या शिबिरात सांगितलं हुतं."

डॉक्टरांनी आता कुठं मोबाइल खाली ठेवला. बाकावर सहा-सात माणसं बसलेली.

"शिबिराला मी गेलो हुतो का तू?"

ही नोकरी गेली तर फरीदाला दुसरी कोण देणार होतं? तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली.

"तुम्ही कासुर्डीला हुता, साहेब. खुर्चीवर मी हुते."

बाकावरचे एक आबा खोकले. हसू लपवायला माणसं खोकतात तसे.

"आता भायेर पडलीस तर परत येऊ नगं," डॉक्टर म्हणाले.

तिनं एकशेआठच्या रुग्णवाहिकेला फोन लावला, सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरची लस असल्याची खात्री करून घेतली आणि पार्वतीबाईबरोबर गाडीत बसली. वाटेत सावळारामचा श्वास मंदावला. गाडीतला डॉक्टर फुगा दाबत त्याला हवा देत राहिला आणि फरीदानं पायाकडं बसून अल्लाचं नाव घेतलं. पार्वतीबाई आपल्या खंडोबाचं घेत होती. पाच दिवस मशीनवर काढून सावळाराम उठून बसला.

इकडं डॉक्टरांनी गावभर सांगितलं, मीच ओळखलं, मीच पाठवलं. ग्रामपंचायतीनं शाल-नारळ दिला. डॉक्टरांनी तो घेतला, मान खाली न घालता घेतला, आणि वर नारळ चांगला मोठा निघाला म्हणून सांगितलं.

पंधरा दिवसांत फरीदाला डॉक्टरांचा परत ये म्हणून निरोप आला. कापूस कुठं, कात्री कुठं, काही सापडेना. बायका दारातून विचारून परत फिरत, "सिस्टर न्हाई व्हय? मग ऱ्हाऊ द्या." फरीदा आली, पण उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "सही हितून पुढं तुमची तुम्ही मारायची."

म्हणून पुढच्या शिबिराला, साखरेच्या आजारावरच्या, डॉक्टर स्वतः जाऊन बसले. दिवसभर बसले. दुसऱ्या दिवशी नवी चौकट घेऊन आले.

"काय काय सांगितलं, साहेब?" फरीदानं वही उघडून विचारलं. खरंच विचारलं, गावात साखरेचे रोगी घरोघर आहेत.

डॉक्टरांनी थोडा विचार केला.

"जेवण बरं हुतं," ते म्हणाले. "पनीर तेवढं चिवट."