आत्याचा तवा

टिनावर गारा ताडताड वाजायला लागल्या, की मला दवनीवाड्याच्या आत्याचा अजूनही राग येतो.

मी दहावीत होते, हिवाळी सुट्टीत तिच्याकडे गेले होते. शेजाऱ्यांकडे देवरी गावचे दोन मित्र पाहुणे आले होते. त्यांच्या निघायच्या दिवशी गारा कोसळल्या आणि दोघं आमच्या पडवीत अडकले. एका टोकाला आतेबहीण वनिता एकाशी खिदळत होती, दुसऱ्या टोकाला मी आणि दुसरा मित्र, सुरेश. अंगण पांढरंफटक झालेलं, ओल्या मातीचा वास. सुरेशनं माझ्या तळहातावर एक गार ठेवली. "तुले एक सांगाचं होतं..."

तेवढ्यात आत्या तणतणत आली. "लोखंड फेकलं का गारा थांबतेत!" म्हणत तिनं तो मेला तवा अंगणात भिरकावला. गारा खरंच ओसरल्या. "चला, बस येऊन राहिली," म्हणून तिनं दोघांनाही पिटाळलं. माझ्या मुठीत नुसतं पाणी उरलं.

आज आमच्या पडवीत माझी लेक आहे आणि शेजाऱ्यांकडे सुट्टीला आलेला एक मुलगा. तिच्या तळहातावर गार आहे.

"आई, गारा तं केव्हाच्याच थांबल्या," ती वैतागली. "तवा काऊन आणला?"

मी तवा अंगणात भिरकावला.