लेकीच्या वाट्याचा रस

तीन वर्षं झाली, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं, मांडे आणि आंब्याचा रस पोटभर हाणायचा आणि तासाभरात अंगभर पित्त उठून खाजवत बसायचं, हा माझा नेम झाला होता. यंदा जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, “तुम्हाला हिस्टामिन सोसत नाही. अन्न ठेवलं की ते त्यात वाढतं. शिळं, आंबलेलं, साठवलेलं बंद.” वर वांगं नको, टोमॅटो नको, केळं जपून. जळगावात राहून भरीत आणि केळं बंद म्हणजे मला हद्दपारच केलं की! आंब्यावर मात्र त्यांनी फुली मारली नाही. “ताजा, थोडा खाऊन बघा. त्यानेही उठलं, तर कायमचा सोडा.”

आंब्याशिवाय जगता येतं, हे मला ठाऊक आहे. तसं जगायची मला मुळीच हौस नाही.

माहेर नरडाण्याजवळ. आमच्याकडे घागर भरून पितरांना आंबा दाखवल्याशिवाय कुणी तो चाखत नाही. पूजा झाली, ताटं मांडली. आईने फ्रिजमधून झाकलेला डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

“हाऊ तुना रस.”

“कधी काढला?”

“काल संध्याकाळले. तुना वाटा मी दरसाल पहिले काढी ठेवस.”

दरसाल! म्हणजे पितरांचाही नंबर माझ्यानंतर. बाकी सगळे त्या दिवशीचा ताजा रस ओरपणार आणि लाडक्या लेकीला कालचा. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. मला हसू आवरेना, पण आईचा चेहरा पडला.

“म्हंजे मीच तुले...?”

मी तिला जवळ घेतलं. तिने डोळे पुसले आणि डबा उचलला. “आते तू बठ्ठास्ना मांगे जेव.” सगळ्यांच्या मागून, म्हणजे माझा रस तिला ऐन वेळी काढता येईल.

पंगत उठल्यावर तिने एक आंबा हाताने मऊ केला आणि थेट माझ्या वाटीत पिळला. मी वाटी चाटूनपुसून साफ केली. आई माझ्या गळ्याकडे टक लावून बसली. तास झाला, वर थोडा वेळ गेला. अंगावर काही म्हणजे काही उठलं नाही! मला इतका आनंद झाला की आईला धरून मी स्वयंपाकघरात गिरकीच घेतली.

तेव्हा कुठे तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं. ती नेहमीच सगळ्यांच्या शेवटी जेवते, एकटी. मीही मांडा घेतला आणि शेजारी बसले. चाळिशी उलटली माझी. आईबरोबर जेवायची ही पहिलीच वेळ.