कापडाच्या पंखांचं विमान

माझा बाप जालन्याच्या मोंढ्यात धान्याच्या पोत्यांची तोंडं शिवायचा. मोठ्या लढाईच्या, म्हंजे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळेस त्याला हैदराबादेला नेलं अन तिथं त्यानं विमानांच्या पंखांना कापड शिवलं. हे तो मरेपर्यंत सांगायचा अन लोक मरेपर्यंत हसायचे. विमान पत्र्याचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळ्यात जास्त हसायचा माझा दोस्त, घनसावंगीचा गिरणीवाला. आता दोघंबी ऐंशीला टेकलो, तरी भेटला की पहिलं तेच, "काय रे, बापानं आज कोणत्या विमानाला ठिगळ लावलं?"

मी तिसरीतून शाळा सोडली, पण बापाचा शब्द सोडला न्हाई.

माझी लेक दिल्लीला दवाखान्यात नर्स आहे. यंदा थंडीत तिच्याकडं गेल्तो. बोलता बोलता तिनं सांगितलं, इथं फौजेच्या जुन्या विमानांचं संग्रहालय आहे. त्यातल्या एकासारखं तर जगात दुसरं उरलंच न्हाई. त्याला एकावर एक असे दोन पंख आहेत. त्या घडीपासून माझं चित्त थाऱ्यावर न्हाई. बाप दोन मजली पंखच सांगायचा. "रविवारी जाऊ," ती म्हणाली. तोवर मी गॅलरीत येरझाऱ्या घातल्या. जावई म्हणाले, "मामा, बसा की जरा." बसलो, पुन्हा उठलो.

रविवारी आत शिरलो. लांबून ते विमान दिसलं. चांदीसारखं चकाकत होतं. अख्खा पत्रा!

"चल घरी," लेकीला म्हणलं.

"बाबा, आत्ता तर आलो. जवळून तरी पाहा."

"जवळून पत्र्याचा काय कापूस होणार हाय का?"

तरी गेलो. भोवती दोरी बांधलेली. तिला पोट टेकून उभा राह्यलो. लोक फोटो काढून राह्यले होते, मला सरका म्हणत होते. मी सरकलो न्हाई. एका बाजूनं वाकून पाह्यलं, तेव्हा दिसलं. पंखाच्या आतल्या फासळ्या वर आल्या होत्या, उपाशी बैलाच्या बरगड्यांवानी, अन दोन फासळ्यांच्या मधी जरा खोलगट. पत्रा असा बसत न्हाई. कापड ताणून वरून रोगण मारलं, तर बसतं. ती चांदी रोगणाची होती. अन प्रत्येक फासळीवर, वरून चिकटवलेल्या कापडी पट्टीखाली, मुगाच्या दाण्याएवढे उंचवटे ओळीनं. गाठी! बाप गोधडीसुद्धा तशीच शिवायचा, हर टाक्याला वेगळी गाठ, एक टाका तुटला तरी दुसरा उसवू नये म्हणून. वेळ लागायचा म्हणून माय वैतागायची, "ही गोधडी काय माझ्या मयतावर घालायची हाय का?"

माझा हात दोरीपलीकडं गेला. पहारेकरी ओरडला, "बाबाजी, हाथ मत लगाओ!"

"लगाया किधर? अभी लगानेवाला था."

"पूरी दुनिया में एक ही है ये."

"मेरा बाप भी एकच था," म्हणलं.

लेकीनं मला दंडाला धरून बाहेर आणलं.

बापानं शिवलेलं हेच, असं मी म्हणत न्हाई. हे त्याच्या आधीचं, पाटीवर तसं लिहिलं होतं. पण कापड होतं अन हातानं शिवलेलं होतं. आता एकच घाई होती, गिरणीवाल्याला सांगायची. रेल्वेत डोळ्याला डोळा लागला न्हाई. जालन्याला उतरून घरी गेलोच न्हाई. पिशवीसकट अंबडची एसटी धरली, तिथून जीप.

तो गिरणीच्या ओट्यावर बसला होता. लेकीनं मोबाईलमधी घालून दिलेला फोटो त्याच्यापुढं धरला. त्यानं चष्मा पुसला. फोटो लांब धरला, जवळ धरला.

"कापड हाय," म्हणाला.

"मंग?"

"मंग काय? हरलो. पण तुझ्या बापानंच शिवलं कशावरून? लांबून बघून आला असंल. पोती शिवणाऱ्याला विमानाजवळ कोण उभं करतंय?"

"आधी तर म्हणायचा, कापड नसतंच."

"ते झालं की आता. चहा घे."

चहा घेतला न्हाई. जन्मभर ज्या जागी भांडलो, ती जागाच यानं बदलली. अन माझ्यापाशी पुरावा काय? बापाचा कागद न्हाई, सोबती न्हाई. साक्ष द्यायला त्याचे हात होते, ते चितेवर कधीच जळून गेले.

परतीची जीप भरायची होती, तेवढ्यात लेकीला फोन लावला. "मोठ्या लढाईच्या वेळची हैदराबादेची विमानं कुठं कुठं ठेवलीत, ते बघ."

"बाबा, ती भंगारात गेली असतील."

"सगळी? हे उरलं ना? तसं एखादं उरलं असंल."

"अन उरलं असलं, तरी आजोबांनीच शिवलं हे कसं कळणार?"

"तू बी गिरणीवाल्यासारखी बोलू नको. बघ आधी."

"बघते. ठेवा आता."

"ठेवत न्हाई. तू बघ."